शेती सल्ला: खोडवा मोडू की ठेवू?

प्रश्न: दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कॅनॉलवर माझी 3 एकर काळी जमीन आहे, 12 वर्षं ऊसच आहे. आधी एकरी 55 टन निघायचा, यंदा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेलं पीक) 30 वर आला. खालच्या बाजूला ऊस केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी होतात, जमिनीवर पांढरं येतं. माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये पीएच 8.3, ईसी (क्षारांचं माप) 1.4, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के आहे. दुकानदार म्हणतो जिप्सम टाका. टाकू का, आणि पुढं कोणतं पीक घेऊ?

उत्तर: दादा, जिप्समचे पैसे आत्ता खर्च करू नका. जिप्समचं काम चोपण जमिनीत, म्हणजे मातीत सोडियम फार झालंय, पीएच साडेआठच्या वर गेलाय, पाणी वर साचून गढूळ राहतं आणि वाळली की ढेकूळ दगडासारखं होतं तिथं. तुमचा पीएच त्याच्या खाली आहे पण ईसी 1 च्या वर गेलाय आणि वर पांढरं फुटतंय, म्हणजे हे बहुतेक खारवट आहे, क्षार पाण्यासोबत वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. खात्री हवी तर त्याच मातीत विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण (ईएसपी) तपासून घ्या, 15 टक्क्यांच्या वर निघालं तर मग जिप्समचं बोलू.

एक काम आजच करा. खालच्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा घ्या आणि रात्रभर तसाच सोडा. माझ्या मामांच्या शेतात इंदापूरकडं आम्ही असाच खड्डा घेतला होता, सकाळी बघतो तर दोन फूट पाणी, आणि बाजूच्या मातीत मुळं काळी पडलेली, कुजका वास येणारी. मामा तोवर केवड्यासाठी फेरस सल्फेट फवारत होते! लोह कमी असेल तर फवारणीनं फरक पडतोच, चुनखडीच्या जमिनीत हमखास, पण मुळालाच हवा मिळत नसेल तर पान हिरवं राहणार कसं. तुमच्याकडंही पाणी वर आलं असेल तर पहिला खर्च चराचा. नाल्यापर्यंत उतार काढून खोल चर घ्या, आणि शेजाऱ्यांना सोबत घ्या कारण वरच्या शेताचं पाणी झिरपून तुमच्यातच येतं, एकट्यानं केलं तर अर्धंच होतं. चर झाला की पावसाचं पाणी वाफ्यात अडवायचं, ते क्षार धुऊन खाली नेतं. चर नसताना पाणी अडवलं तर उलटंच होईल.

खोडवा मोडाच. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, अजिबात पेटवू नका, एकरी 3-4 टन निघतं, कुट्टी करून गाडा, कर्ब 0.38 वर आलाय म्हणजे माती उपाशी आहे. जूनला धैंचा हे हिरवळीचं खत पेरा, एकरी 20 किलो बी, 45-50 दिवसांनी फुलावर आला की गाडायचा. ताग इथं नको, त्याला साचलेलं पाणी आणि खार दोन्ही सोसत नाही, धैंचाला सोसतं. रब्बीला गहू घ्या. सगळे हरभरा सांगतील, हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्या पिकाला जमीन चांगली मिळते, हे खरंच आहे, पण तो खाराला लगेच बसतो, कांदा आणि घेवड्याचंही तेच. दोन हंगामांनी परत माती तपासा, ईसी 1 च्या आत आली तर हरभरा, सोयाबीन बिनधास्त घ्या. परत ऊस लावायचाच असेल तर खाराला त्यातल्या त्यात टिकणारी फुले 265 ही जात लावा, ड्रिपवर, पाटानं भरपूर पाणी सोडायची सवय मोडल्याशिवाय ही जमीन सुधारणार नाही. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही बाटलीभर तपासायला द्या, हे सगळेच विसरतात.

प्रश्न: मी कोथरूडला राहते, नोकरी करते. शिरूर तालुक्यात वडिलांची 2 एकर मुरमाड जमीन आहे, पाणी फक्त पावसाचं. सगळे कांदा लावा म्हणतात.

उत्तर: ताई, पाण्याशिवाय मुरमाड जमिनीत कांदा नको, बियाणं आणि मजुरी दोन्ही जाईल. बाजरीत तूर घ्या, दोन ओळी बाजरी एक ओळ तूर, उताराला आडवी पेरणी. माती फारच उथळ असेल तिथं मटकी नाहीतर हुलगा, तुरीचं मूळ खोल जातं, तिला तिथं जमणार नाही.

त्याआधी माती तपासा. सुट्टीला गेलात की 8-10 ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा घ्यायचा, माती बाहेर काढून टाकायची आणि खड्ड्याच्या कडेची खरवडून घ्यायची, सगळी घमेल्यात मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाकडची, झाडाखालची, शेणाच्या ढिगाजवळची माती नको, आणि खताच्या रिकाम्या गोणीत तर भरूच नका, रिपोर्ट सगळा चुकतो. बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नाहीतर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडं (आधीचे कृषी सहायक) द्या. पिशवीत चिठ्ठी टाका, गट नंबर आणि मागचं पीक लिहून.