वाचक विचारतात : "मला समीक्षक व्हायचंय, पण सगळे म्हणतात तुला काय कळतं"

प्रश्न : ताई, मी लातूरचा, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पिक्चर बघून आलो की त्याच रात्री फोनवर रिव्ह्यू टाइप करतो आणि मित्रांना पाठवतो. 'दशावतार'ला मी 4 स्टार दिले, प्रभावळकर सरांनी अक्षरशः तोडलंय, स्टोरी मात्र सेकंड हाफला ढिली पडते. 'स्थळ'ला अडीच, कारण तोच तोच सीन किती वेळा दाखवायचा? आणि 'साबर बोंडं'ला 2, संथ आहे आणि म्युझिकच नाही, फेस्टिवलवाल्यांना आवडला असेल पण आपल्याला नाही. मित्र म्हणतात तुला काय कळतं. खरा समीक्षक व्हायला मी काय करू?

उत्तर : अरे, पहिलं म्हणजे तू थिएटरात जाऊन मराठी सिनेमे बघतोस आणि त्याच रात्री लिहितोस याचंच मला भारी वाटलं, ही सवय सोडू नकोस. आणि मतं तुझी आहेत, ती मित्रांना विचारून बदलायची काहीच गरज नाही.

पण 'स्थळ'बद्दल तू जे लिहिलंयस ना, तिथे मला तुझ्याशी भांडायचंय. तोच तोच सीन येतो हे तू बरोब्बर पकडलंस आणि तिथेच थांबलास! दिग्दर्शक जयंत सोमलकरांनी तो सीन मुद्दाम परत परत आणलाय. सुरुवातीला नायिकेला, सविताला, स्वप्न पडतं, त्यात मुली बसून मुलाला प्रश्न विचारतायत, आणि मग खऱ्या आयुष्यात तीच स्टुलावर बसते, समोर पुरुषांची रांग, नाव काय, उंची किती, शेतीची कामं येतात का. पहिल्यांदा आपण हसतो. नंतर नंतर पुढचा प्रश्न आपल्याला आधीच माहीत असतो आणि हसू येईनासं होतं, तुला जो कंटाळा आला तो त्या पोरीच्या वाट्याला दर स्थळाला येतो रे. शिवाय बापाचा कापूस आणि त्याला मिळणारा भाव यांचं लग्नाशी काय नातं आहे ते बघ, विदर्भातल्या घरांत हे दोन विषय वेगळे नसतातच. एवढं लिहून मग अडीच दिलेस तरी माझी हरकत नाही, कारण वाचणाऱ्याला कळेल की तू काय बघितलंस.

'दशावतार'चंही तेच. "तोडलंय" हे मित्राला सांगायला ठीक आहे, पण वाचकाच्या हाती काय लागलं? प्रभावळकरांच्या बाबुली मेस्त्रीची नजर जात चाललीय, मग तो घरात कसा वावरतो आणि दशावताराच्या रंगमंचावर कसा, पाऊल कुठे चाचपडतं आणि कुठे नाही, हे लिही ना. 80 पार केलेला नट हे करतोय, एका सीनवर एक अख्खा परिच्छेद दे की.

प्रश्न : मग स्टार द्यायचेच नाहीत का? आणि वाचू काय?

उत्तर : सध्या नको देऊस. आकडा आधी ठरला की आपण पुढचं सगळं त्याला धरून लिहितो. वाचायला अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' घे, लायब्ररीत मिळेल, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे, कॅमेरा, उजेड, गाणी यांच्याकडे किती बारकाईने बघता येतं ते कळेल. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचं 'वास्तव रूपवाणी' हे सिनेमावरचं नियतकालिक मिळालं तर तेही. पुढे जमलं तर पुण्यात एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचे फिल्म अप्रिसिएशनचे, म्हणजे सिनेमा कसा बघायचा ते शिकवणारे, कोर्स असतात, पण त्याच्यासाठी लिहिणं थांबवून बसू नकोस.

आणि 'साबर बोंडं' मिळेल तिथे परत बघ. अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिवलला 2025 मध्ये वर्ल्ड सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं म्हणून आवडलाच पाहिजे असं अजिबात नाही. फक्त म्युझिक नाही म्हणालास ना, तर मग काय काय ऐकू येतं त्याच्याकडे लक्ष दे. वडील गेलेत, आनंद दहा दिवसांसाठी गावी आलाय, आणि त्या दुःखातसुद्धा नातेवाईक लग्नाचंच विचारतायत, अशा वेळी मागे व्हायोलिन वाजलं असतं तर त्याचं गप्प बसणं तुला ऐकू आलं असतं का? आई त्याच्या बाजूने कशी उभी राहते तेही बघ. एक पान लिही, स्टार न देता, आणि मला पाठव, नाही आवडला तर का नाही ते अगदी सीन सांगून लिही.