सुंतेनंतर कातडी परत येते का?

प्रश्न : माझा जन्म १९८४चा, न्यू जर्सीतला. आईबाबा तिथे नवखे; हॉस्पिटलात कागद पुढे आला, त्यांनी सही केली आणि माझी सुंता झाली. सुट्टीत साताऱ्याला आलो की चुलतभावांसोबत विहिरीवर पोहायला जायचं मी टाळायचो. आता टोक कोरडं पडतं, संवेदना बोथट वाटते. ताण देऊन कातडी वाढवता येते म्हणतात. बायको म्हणते, ‘आता कशाला?’ जमतं का हे?

उत्तर : जमतं, पण सगळं नाही. त्वचेला सतत हलका ताण मिळाला की नवीन पेशी तयार होतात. भाजलेल्या रुग्णांसाठी प्लास्टिक सर्जन हेच तत्त्व वापरतात. उरलेली कातडी हाताने पुढे ओढून धरायची, दिवसातून काही वेळा, थोडी थोडी मिनिटं. काही जण चिकटपट्टी किंवा तयार साधनं लावतात. तुम्ही हातानेच सुरुवात करा. दुखलं, बधिर झालं, रंग काळानिळा पडला की लगेच थांबायचं. झोपताना काही बांधून ठेवू नका. यात वर्षं जातात, महिने नव्हे.

टोक झाकलं गेलं की कोरडेपणा कमी होतो, बऱ्याच जणांना संवेदनाही सुधारल्यासारखी वाटते. मात्र कापून गेलेल्या मज्जातंतूंची टोकं आणि खालची नाजूक पट्टी परत येत नाहीत. अंडकोषावरची त्वचा लावण्याची शस्त्रक्रिया आहे. तिचा रंग जुळत नाही, वर केस येतात. मी ती सुचवणार नाही.

खूळ म्हणाल तर ते आजचं नाही. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्ससने यासाठीची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे.

वहिनींच्या प्रश्नाबद्दल. मधुमेहामुळे कातडी आवळून सुंता करावी लागलेले काका माझ्याकडे येतात. ती परत हवी, असं त्यांच्यापैकी कुणी म्हणालेलं आठवत नाही. त्यांना आधी विचारलेलं असतं. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. हे वहिनींना असंच सांगून पाहा.

आईबाबांवर मात्र राग धरू नका. सरसकट सुंतेला वैद्यकीय गरज नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७५ सालीच म्हटलं होतं, तरी हॉस्पिटलांतला रिवाज चालूच राहिला. परक्या देशात डॉक्टरांनी पुढे केलेला कागद कोण परत करतं?

सुरू करण्याआधी युरॉलॉजिस्टना एकदा दाखवा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या. कोरडेपणाचं कारण तीही असू शकते.