‘कागद पळतो’ म्हणणारा मुलगा

‘मॅडम, रोज दोन पानं लिहून घेते, तरी अक्षराला वळण म्हणून नाही.’

पाच-सहा वर्षांच्या मुलांचे आईबाप माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची सुरुवात अशीच होते. पाठोपाठ येतं, ‘बाकी सगळ्यात हुशार आहे हो, लिहायचं म्हटलं की अंगावर काटा येतो त्याच्या.’ आणि मग जरा आवाज खाली आणून, ‘आळशी तर नाही ना?’

अशा वेळी मला ओंकार आठवतो. (नाव बदललेलं आहे.) साडेपाच वर्षांचा, गप्पिष्ट, कोडी चटाचट सोडवणारा. पण वही समोर आली की त्याला तहान लागायची, मग शू, मग पेन्सिलीचं टोक मोडायचं. आई वह्यांचा गठ्ठाच घेऊन आली होती. पानोपानी ‘अ’ गिरवलेला, काही ठिकाणी खोडून खोडून कागद विरलेला.

‘बघा ना, ओळ सोडून कुठल्या कुठे जातो. रागावलं की म्हणतो, कागद पळतो. बहाणे नुसते!’

‘काय पळतो?’

‘कागद.’

मी ओंकारला टेबलाशी बसवलं, कोरा कागद आणि पेन्सिल दिली, म्हटलं, काढ तुला हवं ते. आईची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. बोटं बरोबर आहेत ना, पेन्सिल फार खाली तर धरली नाही ना. मी डाव्या हाताकडे बघत होते. तो हनुवटीखाली होता. पाय जमिनीच्या वीतभर वर लोंबकळत होते. उजव्या हाताने रेघ ओढली की तिच्याबरोबर कागद सरकायचा, हा कोपराने तो अडवायचा, पुढच्या रेघेला पुन्हा तेच. कागद खरोखरच पळत होता. पोरगं अक्षरशः खरं बोलत होतं.

मी एक लाकडी खोकं त्याच्या पायांखाली सरकवलं, पाठीशी उशी लावली आणि गप्प बसले. थोड्या वेळाने डावा हात हनुवटीखालून सुटला, टेबलावर आला आणि कागदावर पसरला. कुणी काही सांगितलं नव्हतं.

आईने ते पाहिलं. ‘मग घरी का नाही धरत? मी तर रोज ओरडते, कागद धर म्हणून.’

‘घरी तो हात डोकं सावरायच्या कामात अडकलेला असतो.’

त्या काही मिनिटांवर माझा फार जीव आहे, कबूल करते. इतक्या वह्या तपासून जे दिसलं नसतं, ते एका खोक्याने दाखवलं. हस्ताक्षराच्या तक्रारीत सगळे लिहित्या हाताकडे बघतात. मी आधी दुसऱ्या हाताकडे बघते, मग पायांकडे, आणि वहीकडे सगळ्यात शेवटी. पाय टेकलेले नसले, पाठ दमलेली असली, की खांदा डगमगतो. खांदा डगमगला की बोटांनी कितीही जोर लावला तरी रेघ थाऱ्यावर राहत नाही. मूल मग पेन्सिल घट्ट आवळतं, हात दुखतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

मी पहिल्यापासून इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरीबाईंच्या बाजूची आहे. 1907 साली रोममध्ये त्यांनी बालगृह सुरू केलं, तिथली मुलं लिहिण्याआधी धातूच्या साच्यांभोवती रेघा ओढत, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवत. आधी हात तयार, मग अक्षर. शंभरहून अधिक वर्षं झाली, तरी आपण अजून उलट्या टोकाने सुरुवात करतो.

ओंकारच्या आईला मी सांगितलं, काही आठवडे वही बंद.

‘मागे पडेल ना तो!’

‘लिहिणं बंद करा म्हणत नाही, वही बंद करा. लिहिण्याचं काम दुसरीकडून करून घेऊ.’

भिंतीवर त्याच्या खांद्याच्या उंचीला मोठा कागद चिकटवला. उभ्या कागदावर रंगवताना मनगट आपसूक मागे वळतं, खांद्यालाही काम मिळतं. लांब खडूंचे तुकडे करून दिले. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो, ‘असा धर’ म्हणून कटकट करायची गरज उरत नाही. शिवाय कपड्यांचे चिमटे, मणी ओवणं, बाटल्यांची झाकणं, आणि माझी सगळ्यात लाडकी कात्री. बोथट टोकाची, मुलाच्या मापाची. कापताना एक हात कात्री चालवतो, दुसरा कागद फिरवतो. दोन्ही हातांनी कामं वाटून घ्यायची सवय कात्रीइतकी दुसरं काही लावत नाही. ओंकारने गोल गोल कापत कागदाचा साप केला, तेव्हा डाव्या हाताची बोटं कागदाच्या कडेवरून कशी पुढे सरकत होती, ते आईला मुद्दाम बघायला लावलं.

मनगटाची हाडं तयार नसतात म्हणून लहानपणी लिहिणं घातक, असंही हल्ली कानावर येतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी कठीण व्हायला लागतं, हे खरं. पण तेवढी वाट कुणीच बघत नाही, बघायची गरजही नाही. अडतं ते हातावरच्या ताब्यापाशी. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढतं, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, तिरक्या रेघा मागाहून, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. मागेपुढे होतंच, पण ज्याला त्रिकोण जमत नाही त्याच्याकडून ‘अ’ची पानं भरून घेण्यात अर्थ नाही. वर्णमालेत पहिला म्हणून ‘अ’ पहिला गिरवायचा, हे मला कधीच पटलं नाही. हाताच्या दृष्टीने ते अवघड अक्षर आहे. त्यापेक्षा जुनं ग-म-भ-न किती शहाणं!

पुढे आईचा फोन आला, भिंतीवरच्या कागदावर त्याने न सांगता नाव लिहिलं होतं. नावावरचा टिंब लिंबाएवढा! मी म्हटलं, राहू दे तसाच. वही हळूहळू परत आली, रोज चार-पाच ओळी, पाय टेकवून. अक्षर काही मोत्यासारखं झालं नाही. वाचता येतं, आणि पेन्सिल हातात घेतली की तहान लागत नाही.

डावखुऱ्या मुलांसाठी एवढंच की हात बदलायला लावू नका. कागद किंचित डावीकडे सरकवा आणि उजवीकडे कलता ठेवा, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही.

मात्र वयाच्या पहिल्या वर्षातच मूल एकच हात वापरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. सहा-सात वर्षांचं होऊनही बटण, कात्री, चमचा सगळ्यातच अडखळत असेल, हात सारखा दुखतो म्हणत असेल, तर ‘मोठा झाला की येईल’ म्हणत वर्ष घालवू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे) घेऊन जा. आणि जाताना त्याचं सगळ्यात नीटनेटकं पान निवडून नेऊ नका, खोडाखोडीचं न्या.