रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये दोघींना सुवर्ण कसं मिळालं?

कारण दोघींची वेळ अगदी सारखी होती: ५२.७० सेकंद, तोही ऑलिंपिक विक्रम. अमेरिकेची सिमोन मॅन्युएल आणि कॅनडाची १६ वर्षांची पेनी ओलेक्सियाक. पेनी ५० मीटरला वळताना चक्क सातवी होती! रौप्य कुणालाच नाही, कांस्य स्वीडनच्या सारा स्योस्त्रमला.

जलतरणात वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच धरतात. १९७२ला म्युनिकमध्ये पुरुषांच्या ४०० मीटर मेडलेचं (चारही प्रकारे पोहायची शर्यत) सुवर्ण दोन सहस्रांश सेकंदांवर ठरलं, त्यानंतर हा नियम आला. इतक्या वेळात पोहणारा जेवढं अंतर कापतो, त्याहून जास्त फरक तलावाच्या लेनच्या लांबीतच असू शकतो, त्यामुळे मला तो अगदी रास्त वाटतो.

फलकाकडे बघताना सिमोनचा झालेला चेहरा मात्र जरूर बघा. जलतरणात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला.