चाचणी ‘नॉर्मल’, तरी वडील पडतात

७६ वर्षांच्या वडिलांची ‘टाइम्ड अप अँड गो’ ही पडण्याचा धोका बघायची चाचणी १० सेकंदांत झाली, तरी ते तीन महिन्यांत दोनदा पडले. मग चाचणीच चुकली का, असं तुम्ही विचारलंय. चुकली नाही. तिच्यात खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरतात. पण कमी लागले म्हणजे पडणार नाहीत, असं ती कुठे म्हणते? भर उजेडात, सपाट फरशीवर, कुणी बघत असताना सगळेच जपून चालतात.

मी घड्याळ हातात घेण्याआधी पडण्याची हकिकत विचारते. किती वाजता, कुठे, कुठल्या बाजूला, हातात काय होतं, आधी डोळ्यांपुढे अंधारी आली का. ‘पाय घसरला’ एवढ्यावर सोडायचं नाही. ज्येष्ठ मंडळी लाजेने तेवढंच सांगतात. शुद्ध हरपली असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

अंथरुणातून उठताच तोल गेला असेल, तर पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर व्यायामाआधी गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर बोट ठेवून विचारा, पण मनाने बंद करू नका.

चालता-वळताना पडले असतील, तर एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभं करा. तुम्ही अगदी शेजारी, हात तयार. १० सेकंद टिकले नाहीत, तर तोलावर काम हवं. मग बरोबर चालता चालता काहीतरी विचारा. उत्तर द्यायला ते जागीच थांबतात का? १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एवढ्याशा निरीक्षणावरून पुढे कोण पडेल याचा बराच अंदाज बांधला होता.

तुम्हाला कुणीतरी सुचवलेल्या ‘बर्ग स्केल’ या तोल मोजण्याच्या चाचणीत १४ कृती, ५६ गुण. हिंडत्याफिरत्या माणसाला त्यात जवळजवळ पैकीच्या पैकी मिळतात, म्हणून तुमच्या बाबतीत मी त्यात वेळ घालवणार नाही.

दोन्ही वेळा ते किती वाजता पडले आणि डोळ्यांवर कुठला चष्मा होता, तेवढं कळवा. दुभागी (बायफोकल) चष्म्यातून खाली बघताना पायरी धूसर दिसते.