चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो, मधूनच जातो. सेन्सर बदलू का?

तुम्ही लिहिलंय की दिवा आठ-दहा दिवस जळतो, मग आपोआप विझतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा लागतो. गाडी चालायला ठीक आहे आणि मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतोय. बदलू नका, निदान अजून तरी नका. आमच्या गाडीचा हाच सेन्सर दोनदा बदलला गेला आणि दोन्ही वेळा तो चांगला होता, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

आमची गाडी पेट्रोलची, मी आणि दादा मिळून वापरतो. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा दादाने बॉनेट उघडलं, बॅटरीचं मायनसचं टर्मिनल काढलं, दहा मिनिटं थांबून परत बसवलं. दिवा गेला. "झालं काम," म्हणाला. तीन आठवड्यांनी पुन्हा लागला, पुन्हा टर्मिनल. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. मी दर वेळी म्हणायचे की अरे, दिवा गेला म्हणजे बिघाड गेला असं नाही. तो म्हणायचा, "अगं, गाडी चालतेय ना? मग कशाला उकरत बसतेस?"

मधे दोनदा गॅरेजमध्ये नेली. दोन्ही वेळा स्कॅनरवर एकच कोड, पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही खबर ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून त्यांनी सेन्सरच बदलला. दुसऱ्या वेळी मी विचारलं की नवा सेन्सर पाच महिन्यांत कसा गेला, तर म्हणे लॉट खराब असेल. सेन्सर सांगत होता की हवा जास्त येतेय, आणि हवा खरोखरच जास्त येत होती. हे तपासायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

मग एकदा आई मागे बसलेली असताना चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी अशी अडखळली की मागची गाडी आमच्या अंगावर यायची राहिली. त्या रात्री मी स्वतःसाठी छोटा ब्लूटूथ स्कॅनर मागवला आणि दादाला सांगितलं की यापुढे मला विचारल्याशिवाय टर्मिनलला हात लावायचा नाही. दोन दिवस घरात अबोला होता.

कोड सगळेच वाचतात, त्याच्याखाली फ्रीझ फ्रेम असते ती कुणी उघडत नाही. कोड नोंदवताना इंजिन कुठल्या अवस्थेत होतं ते ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) टिपून ठेवतो: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, लोड (इंजिनवरचा भार), फ्युएल ट्रिम. आमच्या गाडीची पहिली नोंद अशी निघाली: वेग ताशी १४ किमी, आरपीएम २,१००, कूलंट ९१ अंश, लोड ८३ टक्के, शॉर्ट टर्म ट्रिम अधिक १३, लाँग टर्म अधिक १९. ट्रिम म्हणजे ईसीयू स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते; शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा, लाँग टर्म म्हणजे हळूहळू शिकून ठेवलेला. पाचच्या आत असला तर ठीक, दहाच्या वर गेला की कुठेतरी शोधायला लागायचं. इथे दोन्ही मिळून बत्तीस. कोड पुन्हा येऊ दिला. या वेळी वेग ११, आरपीएम १,६००, लोड ७९. दोन्ही वेळा इंजिन गरम, पहिला गिअर, जोर लावलेला. चढ.

ही नोंद घेऊन मी एक सबंध संध्याकाळ बसले होते. इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधून) हवा गळत असेल तर गाडी उभी असताना, आयडलिंगला ट्रिम जास्त दिसतो आणि आरपीएम वाढवला की खाली येतो. आमचा आयडलिंगला दोन-तीनच होता. पेट्रोलचा पंप कमजोर असेल तर मोकळ्या रस्त्यावर वेगात जास्त पेट्रोल लागतं तेव्हा उघडा पडतो. तिथेही ट्रिम बरोबर होता. मग चढावर पहिल्या गिअरमध्ये असं काय होतं जे एरवी होत नाही? इंजिन हलतं. जोर लावला की ते माउंटिंगवर (इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं त्या रबरी आधारांवर) एका बाजूला कलतं, आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी प्रत्येक गोष्ट ताणली जाते.

एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेपर्यंत) जाणारा रबरी होज असतो, वळ्यावळ्यांचा. वरून बघितला तर एकदम धडधाकट. मी टॉर्च धरून त्याखाली बोटं घातली आणि एकेक वळी फाकवत गेले. खालच्या बाजूला, तिसऱ्या वळीच्या आत, बोटाच्या पेरभर चीर होती. सोडली की मिटायची, इतकी मिटायची की नखाला सुद्धा लागत नव्हती. होज बंपरच्या दिशेने ओढला की ती ओठांसारखी उघडायची आणि आतली कड धुळीने करडी झालेली दिसायची. हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर त्या होजच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूला असतो, त्यामुळे चिरेतून आत गेलेल्या हवेचा हिशोब ईसीयूकडे नसतोच.

मी दादाला बोलावलं, इंजिन चालू ठेवलं आणि त्याच्यासमोर वळी फाकवली. इंजिन अडखळलं. सोडली, सुरळीत झालं. तीनदा करून दाखवलं. तो म्हणाला की हे मेकॅनिकला दिसायला हवं होतं. मी म्हटलं, कसं दिसेल? टर्मिनल काढलं की कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते आणि ईसीयूने शिकलेले ट्रिमही. दोन वर्षं दर तीन आठवड्यांनी पुरावा तयार होत होता आणि दर वेळी आपण तो पुसत होतो. यावर तो काही बोलला नाही, पण मानलंही नाही.

नवा होज, दोन क्लॅम्प, वीस मिनिटांचं काम. खाली बसलेलं एक माउंटिंगही बदललं, नाहीतर नवा होजही तसाच फाटला असता. दिवा मुद्दाम पुसला नाही, चौथ्या दिवशी आपोआप गेला. तेव्हापासून लागलेला नाही.

आता तुमच्याबद्दल. बहुतेक बिघाडांत गाडीच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत (इंजिन चालू करून, चालवून, बंद केलं की एक फेरी) दोष दिसला की दिवा लागतो आणि सलग तीन फेऱ्यांत तपासणी नीट पार पडली की विझतो. पण कोड लगेच जात नाही, इंजिन साधारण ४० वेळा थंड होऊन पुन्हा गरम होईपर्यंत तो आत राहतो. म्हणजे आज दिवा विझलेला असला तरी आजच स्कॅनर लावा. साठवलेला कोड, 'पेंडिंग' कोड (दोष दिसलाय पण अजून पक्का झालेला नाही असा) आणि फ्रीझ फ्रेम तिन्ही बघा, मोबाइलवर फोटो काढा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, ते चालकाला बसल्या जागी सापडतं.

पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला (म्हणजे त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही) तर त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. कोड तिकडे सरकला तर कॉइल दोषी. पी०४५५ (पेट्रोलची वाफ कुठेतरी गळतेय) आला तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण तपासा. पी०४२० आला म्हणून लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) विकत घेऊ नका, आधी एक्झॉस्ट कुठे गळतोय का ते पाहा. आणि काहीच हाती लागलं नाही तर वायरिंग: जिथे ती ब्रॅकेटला घासते तिथे आणि अर्थिंगच्या नटाखाली. मधूनच येणारा बिघाड बऱ्याचदा हालचालीने, ओलाव्याने किंवा उष्णतेने येतो, आणि ते फ्रीझ फ्रेमवरून बरंचसं कळतं.

एक सांगायचं राहिलं. दिवा लुकलुकत असेल तर वरचं सगळं विसरा, पाय हलका करा, गाडी बाजूला घ्या. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकतं. डिझेल गाडीला हे ट्रिमचं गणित असंच्या असं लागू नाही. आणि सेन्सर कधीच जात नाहीत असं माझं म्हणणं नाही. कोड पी०१३५ असेल तर तो सेन्सरच्या हीटरबद्दल आहे, फ्यूज आणि वायर ठीक निघाली तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे.

तुम्ही कोड लिहिलेलाच नाही. तो आणि फ्रीझ फ्रेममधले वेग, लोड, तापमान आणि दोन्ही ट्रिम इथे टाका, मी बघते. तोपर्यंत घरात कुणालाही टर्मिनल काढू देऊ नका.