नव्या शिडाच्या नौकेची रास्त किंमत कशी ठरवावी?

प्रश्न: गेली अनेक वर्षे मी मित्रांच्या नौकांवर शिडे हाताळत आलो आहे आणि आता प्रथमच स्वतःची, सुमारे दहा मीटर लांबीची नवी नौका घेण्याचे ठरवले आहे. माहितीपत्रकातील किंमत माझ्या आवाक्यात होती, परंतु विक्रेत्याने दिलेले दरपत्रक त्याहून बरेच अधिक निघाले. सवलत मागितली तेव्हा किंमत कमी होणार नाही, मात्र महिनाअखेरीपर्यंत करार केल्यास दिशादर्शक उपकरणांचा संच विनामूल्य देऊ, असे उत्तर मिळाले. घासाघिशीची मला सवय नाही आणि ज्याच्याकडून पुढे दुरुस्ती करून घ्यायची, त्याला दुखवण्याचीही इच्छा नाही. रास्त किंमत नेमकी कोणती आणि ती कशी मागावी?

उत्तर: माहितीपत्रकातील किंमत ही समुद्रावर निघण्यास सज्ज असलेल्या नौकेची नसते. तीत बहुधा नौकेचा मूळ सांगाडा, डोलकाठी, इंजिन आणि आतील सुतारकाम एवढेच धरलेले असते. नांगर आणि साखळी, बांधायचे दोर, फेंडर (नौका धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लावायच्या गाद्या), जीवरक्षक साहित्य, तळाला लावायचा शेवाळरोधक रंग, कारखान्यापासून बंदरापर्यंतची वाहतूक, क्रेनने पाण्यात उतरवणे, डोलकाठी उभी करून तिला धरून ठेवणाऱ्या तारांचा ताण जुळवणे, नोंदणी आणि कर हे सारे त्याबाहेर राहते. काही उत्पादक तर शिडेसुद्धा वेगळी लावतात. म्हणून सवलतीची भाषा करण्यापूर्वी विक्रेत्याकडून एकच आकडा लेखी मागावा: ज्या किमतीत आपण धक्क्यावरून दोर सोडून थेट निघू शकाल, तो. दुसऱ्या विक्रेत्याकडूनही अगदी त्याच यादीवर दरपत्रक घ्यावे, कारण याद्या वेगळ्या असतील तर आकड्यांच्या तुलनेला काहीच अर्थ उरत नाही.

तुलना लांबीवरूनही करू नये. युरोपीय नियमांनुसार नौकांचे ए ते डी असे चार वर्ग केले जातात. बी वर्गाची नौका वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनातील 8 पर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि 4 मीटरपर्यंतच्या लाटांसाठी आखलेली असते, तर ए वर्ग त्याहून कठीण परिस्थितीसाठी असतो. सारख्या लांबीच्या दोन नौकांच्या किमतीत दिसणारा फरक पुष्कळदा अशा आखणीतून, नौकेला स्थिर ठेवणाऱ्या तळातील भाराच्या वजनातून आणि साहित्याच्या प्रतीतून आलेला असतो, आणि तो फरक योग्यच असतो. त्याच मॉडेलच्या एक-दोन वर्षे वापरलेल्या नौका कोणत्या साहित्यासह काय भावाने विक्रीला आहेत, हेही पाहून ठेवावे. नव्या नौकेची किंमत पहिल्या काही वर्षांत किती उतरते याचा अंदाज त्यातून येतो.

आता विनामूल्य संचाविषयी. नौकेची मूळ किंमत उघडपणे कमी केली तर पुढचा प्रत्येक ग्राहक तेच मागतो, म्हणून विक्रेता तिथे हटत नाही. साहित्य आणि बसवण्याची मजुरी यांत मात्र त्याला हात सैल सोडता येतो, कारण त्या वस्तू त्याला छापील किमतीहून स्वस्त पडतात. भेट म्हणून मिळणाऱ्या संचाचे मोल म्हणूनच छापील किमतीने मोजू नये. माझे स्पष्ट मत असे की उपकरणांऐवजी चांगली शिडे मागावीत. उपकरणे काही वर्षांत जुनी होतात आणि नंतरही बसवता येतात, परंतु कारखान्यातून येणारी साधी शिडे लवकर आकार सोडतात आणि नौकेच्या चालीचा सारा आनंद शिडांवरच अवलंबून असतो. त्याउलट तळातील भाराची खोली, पुढच्या टोकाला बसणारा थ्रस्टर (नौकेचे टोक बाजूला ढकलणारा छोटा पंखा) किंवा पाण्याच्या टाक्यांची मांडणी अशा गोष्टी नंतर बदलणे फार खर्चिक किंवा अशक्य असते. त्या कारखान्यातच करून घ्याव्यात आणि त्यांच्याबाबत काटकसर करू नये.

महिनाअखेरीची मुदत काही वेळा खरी असते, कारण उत्पादक दर वाढवणार असतो किंवा बांधणीच्या वेळापत्रकातील जागा भरत आलेली असते. मुदतीचे कारण लेखी मागावे; खरे असेल तर विक्रेता ते आनंदाने देईल. नौका तयार स्थितीत त्याच्याकडे उभी असेल तर आपली बाजू अधिक भक्कम असते, कारण तिच्यात अडकलेल्या पैशाचे व्याज आणि जागेचे भाडे तोच भरत असतो, आणि हंगाम संपताना हा बोजा त्याला अधिक जाणवतो.

मागणी करताना दुखावणारे काही बोलावे लागत नाही. “ही माझी संपूर्ण यादी आणि हा माझा एकूण आकडा, यात जमत असेल तर आज इसार देतो,” एवढे सौम्यपणे सांगावे आणि उत्तरासाठी त्याला वेळ द्यावा. त्याचा नफा पूर्णपणे कापून घेऊ नये. हमीच्या काळात गळकी झडप दुरुस्त करायला तोच येणार आहे.

पैसे कोणत्या टप्प्यांनी द्यायचे, याला मी किमतीइतकेच महत्त्व देतो. नौका बांधली जात असताना दिलेली रक्कम उत्पादक बुडाल्यास अडकू शकते. म्हणून बँकेची हमी किंवा बांधणीखालील नौकेची मालकी तिच्या ओळख क्रमांकासह आपल्या नावे होण्याची तरतूद करारात मागावी. ताबा मिळेपर्यंत किंमत वाढवण्याची मुभा देणारे कलम असेल तर ते काढून घ्यावे. शेवटचा काही भाग, निदान पाच टक्के, समुद्रावरील चाचणी होऊन त्रुटी दूर होईपर्यंत राखून ठेवावा. नौका नवी असली तरी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तिची तपासणी करून घ्यावी. नव्या तारा पहिल्या काही सफरींत ताणल्या जाऊन सैल पडतात, तेव्हा त्यांचा ताण पुन्हा जुळवून देण्याचे कामही ठरलेल्या किमतीतच लिहून घ्यावे.

दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न: माझी जुनी नौका देऊन नवी घ्यायची आहे. दोन्हींची बोलणी एकत्र करावी का?

उत्तर: करू नये. प्रथम नव्या नौकेचा आकडा पक्का करावा आणि त्यानंतरच जुनीचा विषय काढावा. अन्यथा जुनीला मिळालेला चढा भाव नव्या नौकेच्या किमतीत मिसळलेला असू शकतो आणि तो आपल्याला वेगळा दिसत नाही. जुनी नौका स्वतः विकल्यास बहुधा अधिक पैसे मिळतात, मात्र ती विकली जाईपर्यंत दोन नौकांच्या जागेचे भाडे आणि विमा आपल्यालाच भरावा लागेल. तो खर्च महिन्यांच्या हिशेबाने मांडून मगच निर्णय घ्यावा.